आई कंपनी बघायला आली

आमच्या शाळेची सहल वर्षानुवर्षं ठरलेली. रांजणगावचा गणपती, नाहीतर शिवनेरी, आणि फारच उत्साह असला तर एखादं धरण. परत आल्यावर काय पाहिलं म्हणून विचारलं तर पोरं माकडं सांगतात आणि देवळाबाहेरचा पेढा सांगतात. केंदूरच्या बाजूला एका वाडीवर मी शिक्षिका आहे आणि या सहलींचा मला मनापासून वीट आला होता.

अशात शिक्षकांच्या ग्रुपवर कुणीतरी एक व्हिडिओ टाकला. देशभरातल्या शाळा पोरांना हल्ली कुठं कुठं नेतात त्याचा. कुणी मिठागरावर, कुणी कोळशाच्या खाणीच्या काठावर, तर कुण्या शहरातली शाळा चक्क मैलापाणी शुद्ध करतात तिथं. तोंडाला रुमाल बांधून पोरं खुशीत उभी होती. मुख्याध्यापकांना मी म्हटलं, आपणही असं काहीतरी दाखवू. ते म्हणाले, मैलापाणीच बघायचं तर लांब कशाला, भीमेवर नेलं तरी भागेल. त्यांचं ते खोटं नव्हतं.

अखेर सणसवाडीची एक कंपनी ठरली, गाड्यांचे सुटे भाग करणारी. आमच्या निम्म्या पोरांचे बाप नाहीतर काका तिकडंच कामाला. बाप पहाटे कंपनीच्या गाडीत बसून जातो तो कुठं जातो, दिवसभर काय करतो, हे एकानंही पाहिलेलं नव्हतं. यापेक्षा शिकण्यासारखं दुसरं काय असणार, असं मला वाटलं.

संध्याकाळी आईला सांगितलं. आई माझ्याकडंच असते. ती भाकरी थापत होती. सणसवाडीत नेमकं कुठं, असं तिनं विचारलं. हायवे सोडून आत, ओढ्याच्या अंगाला, मागं बुटकी टेकडी आहे बघ, असं मी म्हटलं. तिचा हात परातीतच राहिला.

"मला ने," ती म्हणाली.

आम्ही मूळचे वडगाव रासाईच्या बाजूचे, धनगर. आता भावाचा ऊस आहे आणि गोठ्यात दोन गाई आहेत, पण मी लहान असेपर्यंत घरात मेंढरं होती. दिवाळी झाली की घोड्यावर बिऱ्हाड घालून सगळे कोकणाच्या वाटेला लागायचे. वाटेत सणसवाडीच्या माळालगत एका शेतकऱ्याच्या रानात मुक्काम असायचा. रात्री मेंढरं त्याच्या रानात बसवायची, लेंडीखत त्याला आणि बाजरी आम्हाला, असा आजा-पणज्यापासूनचा व्यवहार. एका वर्षी त्या मुक्कामात माझा थोरला भाऊ तापानं गेला. नुकता चालायला लागला होता म्हणे. मी तेव्हा जन्मलेही नव्हते. शेतकऱ्यानं आपणहून माळाच्या उंचवट्यावर जागा दाखवली. तिथं त्याला पुरलं, वर एक दगड उभा केला आणि दुसऱ्या दिवशी मेंढरं पुढं निघाली. मेंढरांना थांबून चालत नाही. त्यानंतर दरवर्षी जाता-येता आई त्या दगडावर भंडारा टाकायची, मेंढीच्या दुधाची धार सोडायची आणि मग वाटेला लागायची.

पुढं चरायला राहिलं नाही म्हणून मेंढरं विकली. काही वर्षांनी आई आणि माझे वडील, आबा, एस.टी.नं तिथं गेले, तर माळाला भिंत घातलेली आणि भिंतीला गेट. गेटवरचा माणूस हिंदी बोलणारा. त्यानं विचारलं, किससे मिलना है? आबांना सांगता येईना. इतक्या पिढ्यांचा घरोबा, पण शेतकऱ्याला आम्ही नुसतं पाटील म्हणायचो आणि त्यांच्या लेखी आम्ही मेंढके. एकमेकांची बैलं आणि कुत्री नावानिशी ठाऊक होती, पण तुमचं गाव कोणतं हे दोन्हीकडून कुणी कधी विचारलं नव्हतं. विचारायचं कशाला? दिवाळी झाली की माणूस येणारच होता. दोघं दुपारपर्यंत गेटसमोर बसले आणि परत आले. आबा गेले त्याला आता बरीच वर्षं झाली. आईला आता मरायच्या आत तो दगड एकदा बघायचा होता. बाकी तिचं काही मागणं नव्हतं.

मुलींसोबत एक वडीलधारी बाई लागतेच. मुख्याध्यापकांना मी खरं काय ते सांगितलं. त्यांनी बसमधली पुढची सीट तिच्यासाठी ठेवायला सांगितली.

गेटवर झडती झाली. आईच्या पदराची गाठ सोडायला लावली. आतला पिवळा भंडारा पाहून गार्डनं वास घेतला आणि देवाचा आहे म्हटल्यावर हसून परत दिला. तिच्या डोईवरच्या पदरावर हेल्मेट चढवलं तेव्हा पोरं खुदखुदली. मग गारेगार खोलीत एका साहेबांनी पडद्यावर चित्रं दाखवली, अर्धी मराठी, अर्धी इंग्रजी झाडली आणि शेवटी म्हणाले, नीट अभ्यास करा, उद्या तुम्हीच इथं येणार आहात. पोरांनी टाळ्या वाजवल्या. माझं डोकं फिरलं. यांचे बाप आजच इथं उभे आहेत, त्यांच्यासाठी कुणी टाळी वाजवल्याचं मी ऐकलं नाही.

आत जमिनीवर पिवळ्या रेघा होत्या, त्या सोडून पाय टाकायचा नाही. पत्रा दाबणाऱ्या प्रेसचा दणका छातीत बसत होता. एका मुलीला तिचा बाप दिसला. तिनं हात हलवला. त्यानं एकदाच पाहिलं आणि नजर परत मशीनवर नेली. हात मागं घ्यायला उशीर झाला तर बोटं जातात, असं साहेबांनी नुकतंच सांगितलं होतं. आई सगळ्यात मागं चालत होती. ती मशीनकडं बघतच नव्हती, प्रत्येक खिडकीशी थांबून टेकडी शोधत होती.

शेवटी मागच्या अंगणात पोरांना बिस्किटं आणि सरबत दिलं. आईनं टेकडी समोर धरली, ओढा डाव्या हाताला घेतला आणि सरळ मोटारसायकली लावायच्या शेडमध्ये जाऊन उभी राहिली. मी मागं धावले.

"हितंच," ती म्हणाली. "पर खाली कसं काय? टेकडी एवढी उंच न्हवती दिसत हितनं."

मागच्या गेटचा गार्ड आम्हाला हटकायला आला. पन्नाशीचा, इकडचाच माणूस. आईचं लुगडं, कपाळावरचं गोंदण बघून तो थबकला. एका कानाचं काळं कुत्रं होतं ते तुमचंच का, असं त्यानं विचारलं. आई व्हय म्हणाली. तो त्या पाटलांचा मुलगा निघाला. रान विकताना घरटी एक नोकरी द्यायची बोली झाली होती, ती नोकरी म्हणजे ही. आपल्याच रानाच्या मागच्या गेटावर शिट्टी वाजवायची.

"माझ्या पोराचा दगड कुठं हाय?" आईनं विचारलं.

त्यानं टोपी काढली. जागा सपाट करताना माळाचा उंचवटा पुरुषभर खाली उतरवला, असं त्यानं सांगितलं. जेसीबी लागले होते. दगड पहिल्याच दिवशी गेला. त्याच्या वडिलांनी जेसीबीपुढं आडवं पडून पाहिलं, तर ठेकेदार म्हणाला, ज्यांचं आहे त्यांना घेऊन या.

"तुमाला हुडकायचं कुठं, मावशी? तुमचं गावच आमाला ठावं न्हाई. बा माझा दिवाळी झाली की भिताडाबाहेर यून बसायचा, तुमची मेंढरं येत्यात का बघाया."

आईनं ते सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "माती कुठं टाकली?"

या माणसानं खोटं बोलावं, असं मला वाटलं. ओढ्यात टाकली म्हणावं, देवळाच्या आवारात टाकली म्हणावं, काहीही म्हणावं. पण माणूस सरळ होता.

"रोडला," तो म्हणाला. "रुंदीकरण चालू व्हतं तवा. समदा मुरूम भरावाला गेला."

"कंच्या रोडला?"

"ह्योच की, हायवे. तुमी आला त्यो."

आईनं पदराची गाठ सोडली. शेडमधल्या काँक्रीटकडं पाहिलं, भंडाऱ्याकडं पाहिलं आणि गाठ परत मारली. ती रडली नाही. मी रडले. डोक्यावर हेल्मेट, समोर माझा वर्ग, आणि मला आवरता येईना. बाईंना मशीनचा धूर लागला, असं मुख्याध्यापकांनी पोरांना सांगितलं.

परतीला बसमध्ये पोरं खुशीत होती. प्रत्येकाला एकेक पेन मिळालं होतं. मागं मुलींच्या भेंड्या चालल्या होत्या, फक्त बापाला हात हलवलेली ती पोरगी खिडकीला डोकं लावून बसली होती. बस हायवेला लागली तशी आईनं चपला काढून मांडीवर घेतल्या आणि पाय वर, सीटवर ओढून घेतले. लुगडं पायांभोवती घट्ट खोचलं. एका गतिरोधकावर ती पुढं कोलमडता कोलमडता वाचली. ड्रायव्हर म्हणाला, आजी, पाय खाली सोडा, ब्रेक लागला तर पडाल.

मी तिचा पाय धरून हळूच खाली घ्यायला गेले. तिनं तो हलू दिला नाही.

"कुठं ठिवू?" ती म्हणाली. "त्यो कुठं कुठं पडलाय, मला काय ठावं."

बाहेर ट्रकमागून ट्रक चालले होते. शिक्रापूर आलं, हायवे सुटला आणि बस आमच्या रस्त्याला वळली. मी तिला म्हटलं, आई, तो रस्ता संपला आता, हा दुसरा आहे. तिनं वाकून खिडकीतून खालचं डांबर बराच वेळ पाहिलं.

"ह्येच्याखाली न्हाई कशावरनं?" तिनं विचारलं.

वाडी येईपर्यंत तिनं पाय खाली घेतले नाहीत.