नील बेटावर मुक्काम शोधताना न विचारलेला प्रश्न

अंदमानची विमानाची तिकिटं लेकीनं काढून दिली आणि फोनवर सांगितलं, "आई, राहायचं कुठं ते तुमी बघा. मी काय बी बुक केलं तर तुला पटणार न्हाई." पोरगी आईला बरोबर ओळखून आहे. मी तासगावात बेदाणे निवडायची शेड चालवते. सौद्यात बॉक्स उघडला की वरचा थर टपोरा, हिरवागार असतो आणि तळाला हात घातला की काळं, चिकट काहीतरी बोटाला लागतं. वीस वर्षं तळालाच हात घालत आल्यामुळं वरचं काही चांगलं दिसलं की मला आधी शंका येते. हॉटेलांचे फोटो म्हणजे तर नुसता वरचा थर.

बरोबर येणार होते आमचे हवालदार. म्हणजे नवराच, पण फौजेतून निवृत्त झाल्यापासून सगळं गाव त्यांना हवालदार म्हणतं, मग मीही म्हणते. ते मूळचे भिलवडीचे. कृष्णेच्या घाटावर वाढलेले, पुराच्या पाण्यात उड्या मारून आईच्या शिव्या खाल्लेले. अकरा वर्षांपूर्वी सीमेवर सुरुंगात त्यांचा उजवा पाय गुडघ्याखाली गेला. कृत्रिम पाय बसवला, चालणं इतकं सुधारलं की नवख्या माणसाला कळतही नाही. पण त्यानंतर ते एकदाही पाण्यात उतरले नाहीत. समुद्राला जाऊ या असं मात्र त्यांनीच काढलं होतं. लेकीनं वाढदिवसाला काय पाहिजे विचारलं, तर म्हणाले, "एकदा पवायचं हाय." तिनं ते धरून ठेवलं. मीही ऐकलं होतं, आणि लगेच हॉटेलातल्या चादरींच्या विचाराला लागले.

पोर्ट ब्लेअरला (आता त्याचं नाव श्री विजयपुरम झालंय, रिक्षावाले दोन्ही म्हणतात) विमान उतरतं, तिथून बोटीनं पुढं बेटांवर जायचं. आम्ही नील बेट ठरवलं, सरकारी नाव शहीद द्वीप. हॅवलॉक बेटापेक्षा लहान, स्वस्त आणि शांत, असं सगळीकडं लिहिलेलं. सगळीकडं लिहिलंय म्हटल्यावर मला शंका आलीच, पण कुठंतरी जायला हवं होतं.

मग महिनाभर संध्याकाळी मी मोबाईल घेऊन बसायची. चाळीसेक ठिकाणं पाहिली असतील. एका हॉटेलच्या 'सी व्ह्यू' खोलीत आणि 'गार्डन व्ह्यू' खोलीत पडद्यावरचा डाग एकच होता. दोन वेगळ्या रिसॉर्टांनी एकच वाकडा माड आपला म्हणून लावला होता. एका ठिकाणच्या पाच जणांच्या अभिप्रायात 'घरच्यासारखं वाटलं' हे एकच वाक्य, शेवटच्या उद्गारचिन्हासकट. ज्यांचे फोटो बरे वाटले त्यांना मी फोन लावायची. व्हिडिओ कॉल करा, मोबाईल खिडकीतून बाहेर काढा, आता उजवीकडं फिरवा, आता खाटेखाली दाखवा. दोघांनी फोन ठेवून दिला.

हवालदार शेजारी बसून बुटाला पॉलिश करत ऐकायचे. अधूनमधून म्हणायचे, "आगं, कोर्ट मार्शल करतीयास का काय त्यांचं?"

त्यात एक गोपालदा म्हणून निघाले. चार खोल्यांचं घरगुती गेस्ट हाऊस, नवरा-बायको मिळून चालवतात. फोटो अंधारे, मोबाईलवर कसेबसे काढलेले. मी प्रश्न विचारायच्या आधीच ते बंगाली वळणाच्या हिंदीत सांगायला लागले, "मॅडम, भाटा में यहाँ समंदर नहीं रहता, खाली पत्थर रहता है. रेत का बीच नहीं है. पंखा आवाज करता है. बाथरूम में मेंढक आता है."

मी फोन ठेवला आणि ती जागा यादीतून खोडली. आमच्या धंद्यात विकणारा आपणहून खोड सांगायला लागला, की समजायचं त्याहून मोठी खोड तो झाकतोय. ओल लागल्याचं आधी सांगतो तो अळी लपवत असतो. बेडूक येतो म्हणणारा काय लपवत असेल?

"बरा वाटला की बोलायला," हवालदार म्हणाले.

"तेच तर. इतकं खरं कोण बोलतंय?"

शेवटी नीलवरच्याच भरतपूर किनाऱ्याच्या बाजूचं एक रिसॉर्ट पक्कं केलं. पांढरी वाळू, समोर निळं पाणी, नाश्त्यासह दिवसाला साडेचार हजार. आमच्या मानानं महाग, पण व्हिडिओत त्यांनी खाटेखालीसुद्धा दाखवलं होतं.

डिसेंबरात, नव्या हंगामाआधी निघालो. तासगाव ते पुणे एसटी, वाटेत साताऱ्याला गाडी थांबली तर हवालदार कंदी पेढे घेऊन आले. मी वजन हातात तोलून पाहिलं. बरोबर होतं. पुण्याहून चेन्नई, चेन्नईहून पोर्ट ब्लेअर. पिशवीत कडक भाकरी, शेंगदाण्याची चटणी आणि स्वतः निवडलेले बेदाणे. विमानतळावर सुरक्षा तपासणीत हवालदारांना बाजूला घेतात, पाय काढून मशीनमधून न्यावा लागतो, त्यामुळं अशी माणसं बरोबर असतील तर तासभर आधी पोचा. ते पडद्यामागं जातात आणि मी बाहेर बॅगा धरून दुसरीकडं बघत उभी राहते. घरातही तसंच आहे. ते दार लावून पाय काढतात, दार उघडतात तेव्हा पाय घातलेला असतो. मी कधी त्यांच्या मागोमाग आत गेले नाही.

नीलला खासगी बोटीनं दीड तास लागला. सरकारी बोट बरीच स्वस्त पडते, पण तिचं तिकीट आधी मिळवायला पाहिजे. जेट्टीवर उतरल्यावर रिक्षावाल्यानं दीडशे मागितले. मी शंभर म्हटलं, तो लगेच हो म्हणाला, तेव्हा मला वाटलं ऐंशी म्हणायला हवं होतं. रोख पैसे घेऊन जा, एटीएमवर विसंबू नका. आणि तिथं दिवस फार लवकर मावळतो, साडेपाचला दिवे लागतात, तेव्हा काय बघायचं ते सकाळी बघून घ्या.

रिसॉर्ट जसंच्या तसं फोटोतलं निघालं. मी गादी उचलून पाहिली, उशीचा अभ्रा काढून पाहिला, नळ सोडून पाण्याचा वास घेतला. काही सापडेना. खिडकीसमोर पांढरी, पिठासारखी मऊ वाळू, पार लांबवर पसरलेली, आणि तिच्या पलीकडं पाणी. ओहोटीला तर ते आणखी मागं जायचं. मोहरी घातलेलं माशाचं कालवण आणि भात, तोही ताजा. इतकं सगळं नीट असल्यावर मला रात्री झोप लागेना.

पहिल्या दिवशी हवालदार व्हरांड्यातल्या खुर्चीत बसून राहिले. "तू जाऊन ये, मी बघतो हितनं." दुसऱ्या दिवशीही तेच. "पवायचं व्हतं न्हवं?" मी विचारलं. "बघू की. छान हाय." हे 'छान हाय' मी ओळखते. भाजीत मीठ नसलं तरी ते छान हाय म्हणतात.

आणि मग माझं डोकं चालायला लागलं. मी पाण्यावरून परत आले की ते फोनवर कुणाशी तरी बोलत असायचे आणि मला बघून बोलणं तोडायचे. जेवताना सारखे घड्याळ बघायचे. एकदा रिक्षावाल्याला बाजूला घेऊन काहीतरी विचारताना पाहिले. त्यांच्या पलटणीतला एक दोस्त मागं जमिनीच्या प्लॉटांच्या गोष्टी सांगत फिरत होता. मला खात्रीच पटली. हवालदार पोहायला आलेच नाहीत, यांनी अंदमानात प्लॉट बघितलाय.

ते अंघोळीला गेले तसा मी त्यांचा फोन उघडला. दोन दिवसांत एकाच नंबरला सहा फोन. नंबर ओळखीचा वाटला. माझ्या वहीत तो होता, आडवी रेघ मारून खोडलेला. गोपालदा.

ते बाहेर आले तेव्हा फोन माझ्या हातातच होता. "आवं, ह्या माणसाशी काय एवढं बोलताय? काय ठरवलंय दोघांनी?"

ते खाटेच्या कडेला बसले. म्हणाले, "एकच इचारलं त्याला. पायरीवरनं पाण्यापतोर किती पावलं."

"मग?"

"म्हणाला, भरतीला एक बी न्हाई. अमावास्या जवळ आलीया, साडेधाला पाणी चौथ्या पायरीवर येतंय."

मी खिडकीबाहेरच्या त्या पांढऱ्या वाळूकडं पाहिलं. मऊ वाळूत तो पाय रुततो. सांध्यात वाळू गेली तर बिघडतो. म्हणजे पाणी लांब असेल तर पाय किनाऱ्यावर काढून ठेवायचा आणि चार लोकांदेखत सरपटत जायचं. हे सगळं मला माहीत नव्हतं असं नाही. मी खाटेखाली बघितलं होतं, त्यांच्या चालण्याकडं बघितलं नव्हतं.

"मला का न्हाई सांगितलं?"

"चाळीस ठिकाणं बघत व्हतीस. रोज शेजारी बसून ऐकत व्हतो. म्हणलं, एखाद्याला इचारशील." मग हसले. "न्हाई इचारलंस. म्हणलं, ऱ्हाऊ दे, जागा चांगली हाय."

मला त्या क्षणी स्वतःची इतकी लाज वाटली की रागच आला, आणि तो मी बॅग भरण्यावर काढला. उरलेल्या एका रात्रीचे पैसे रिसॉर्टनं दिले नाहीत, नियमात तसं होतं, मी वाचलंही होतं. पहिल्यांदाच भांडले नाही.

गोपालदांचं घर सुपारीच्या बागेमागं होतं. खोलीत पंखा खरंच खडखडत होता. बाथरूमचं दार उघडलं तर कोपऱ्यात बेडूक बसलेला. तरीही मी दुपारपर्यंत त्याहून मोठी खोड शोधत होते. कुलूप चांगलं, चादर जुनी पण उन्हात वाळवलेली. गोपालदांच्या बायकोनं मला गादी उचलताना पकडलं आणि दुसरं टोक उचलायला मदत केली. संध्याकाळी मागच्या बाजूला गेले तर समुद्रच नव्हता. सांगितल्याप्रमाणं नुसते दगड, त्यांत साचलेली डबकी. हे बघून बरेच जण आल्यापावली परत जात असतील, हे मला कळलं.

दुसऱ्या दिवशी साडेदहाला समुद्र दाराशी आला होता. पूर्वी होडी लावायला बांधलेल्या सिमेंटच्या पायऱ्या, त्यांतल्या खालच्या सगळ्या पाण्यात. पायऱ्यांसमोरची जागा होडीसाठी दगड काढून साफ केलेली होती, पाणी छातीइतकं. गोपालदांनी खांबाला दोर बांधून पाण्यात सोडला होता आणि चौथ्या पायरीजवळ एक प्लास्टिकची खुर्ची आणून ठेवली होती. मला वाटलं बसायला.

हवालदार पायरीवर बसले. पॅन्ट वर केली आणि आमच्या दोघांसमोर पट्टे सोडून पाय काढला. खुर्चीकडं हात केला तेव्हा मला कळलं की ती पायासाठी होती. पण मीच पुढं झाले. "आना हिकडं."

त्यांनी माझ्याकडं बघितलं आणि दिला. अकरा वर्षांत मी तो पहिल्यांदा हातात घेतला. मला वाटलं होतं त्यापेक्षा बराच जड होता. हे रोज एवढं घेऊन चालतात, आणि मी म्हणते, जरा भराभर चला की.

ते बसल्या बसल्या एकेक पायरी खाली सरकले आणि दोर सोडून पाण्यात गेले. दोन हात मारले, बुडी घेतली, लांब वर आले. मी ओरडले, "आवं, दोर धरा!" तिकडून आवाज आला, "दोर कशाला गं? कृष्णा हाय ही!" आणि मग खारं पाणी तोंडात गेल्यावर, "न्हाई गड्या, न्हाई!" म्हणून असे खिदळले की गोपालदांची बायको घरातून बाहेर आली. मी टॉवेलात गुंडाळलेला पाय मांडीवर घेऊन उन्हात बसले होते आणि रडत होते. पाणी उतरायला लागेपर्यंत ते बाहेर आले नाहीत. पुढचे तीन दिवस भरती रोज थोडी उशिरा यायची, तसं आमचं जेवणही उशिरा होत गेलं.

नीलवर कुठं राहावं, असं हल्ली पाहुण्यांतली माणसं मला विचारतात. मी सांगते, चांगली वाळू हवी तर भरतपूरची बाजू, रिसॉर्टात काही खोट नाही. बाकी जागेला काय विचारायचं ते आधी बरोबरच्या माणसाला विचारा. शंका घ्यायचं मी सोडलेलं नाही, गोपालदांनी दिलेल्या सुकटीचा वास मी घरी येऊन तीनदा घेतला. चांगली होती.

परत आल्यावर शेडमध्ये बॉक्स येऊन पडले होते. आठवडाभर त्यातच गेला. रविवारी सकाळी हवालदार पुढच्या खोलीत बुटाला पॉलिश करत बसले होते. दार उघडंच होतं, पाय शेजारी खुर्चीवर ठेवलेला. मी भिलवडीला दिराला फोन लावला.

"भावजी, घाटावर जाऊन बघा जरा. पाण्यापतोर किती पायऱ्या कोरड्या हायत?"

"कशाला वो वैनी?"

पॉलिशचा ब्रश थांबला होता.

"आधी मोजून सांगा," मी म्हटलं.