काळ्या हॅटमधली बाई

ऐंशीच्या दशकात मी लीड्सला डॉक्टर होतो. हौसेने घेतलेली, माझ्याहूनही जुनी गाडी घेऊन एकदा ग्लासगोला मित्राकडे जेवायला निघालो आणि ती वाटेतच बंद पडली. बॉनेट उघडून मी नुसता बघत उभा होतो. तेवढ्यात एक म्हातारी बाई कार थांबवून उतरली. काळा कोट, काळी हॅट.

"पेट्रोलचा पंप अडकलाय," म्हणत तिने हातमोजे काढले, पंपाचं झाकण उघडलं आणि पर्समधल्या नेल फाइलने आतले काळवंडलेले विजेचे पॉइंट्स घासले. "आता चावी फिरवा." पंप टकटक करू लागला.

"हे कुठे शिकलात?"

"नवऱ्याची अशीच गाडी होती. चाळीस वर्षं रस्त्यात ताटकळत ठेवलं त्याने मला. आज त्याचा अंत्यविधी आहे. थांबेल थोडा."

हसावं की सॉरी म्हणावं, मला कळेना. तोवर ती निघालीही.

पुढच्या गावात ती चर्चकडे वळली. माझा रस्ता सरळ होता, तरी मीही वळलो आणि शेवटच्या बाकावर बसलो. शेजारच्या गृहस्थांनी हळूच विचारलं, "तुमची त्याची ओळख कशी?"

"गाडीमुळे," मी म्हणालो. ते खरं होतं की खोटं, मला आजही नीट सांगता येत नाही.