काचेपलीकडची टकटक

शेजाऱ्यांच्या दाराला रंग लावायचं काम परवापासून चाललं आहे. सकाळी खिडकी उघडली की चहाच्या आधी टर्पेंटाइनचा वास घरात येतो. या वासावर मी इतकी वर्षं पोट भरलं, आणि एक दिवस त्यालाच पाठ दाखवून निघून गेलो. त्यामुळे तो आला की मला बरं वाटत नाही. कुणीतरी जाब विचारायला दारात उभं राहिल्यासारखं वाटतं.

नव्वदच्या दशकात आग्रा रोडवर एक गॅरेज होतं. त्याच्या कपाळावर पत्र्याची लांबट पेटी, पुढे काच, आत ट्यूबलाइट. काचेवर एका बाजूला ‘मोटार’, दुसऱ्या बाजूला ‘गॅरेज’ आणि मधोमध घड्याळ. तिन्हीसांजेला पेटी उजळली की लाल अक्षरं निखाऱ्यासारखी फुलायची. ओझरच्या कारखान्याची बस धरणारी माणसं मनगटावरच्या घड्याळापेक्षा त्या घड्याळावर जास्त विसंबायची. ती अक्षरं आणि घड्याळाचे आकडे माझ्या मास्तरांच्या हातचे. मास्तर पेंटर होते, आणि मी नऊ वर्षं त्यांच्याकडे कामाला होतो.

काचेवर लिहिणं हा सगळा उलटा कारभार. मागच्या बाजूनं लिहायचं, अक्षर उलटं काढायचं, आणि ते वाळल्यावर त्याच्या पाठीवर पांढरा रंग द्यायचा. भिंतीवर चुकलं तर वरून पुन्हा हात मारता येतो. काचेवर मात्र पहिला फटकारा हाच लोकांना दिसतो. नंतर कितीही सारवासारव करा, ती त्याच्या मागेच राहते. मी मागे बसून लिहायचो आणि मास्तर पुढे, वाचणाऱ्याच्या जागी उभे राहायचे. चुकलं की काचेवर नखानं टक. एकदाच. रागावणं नाही, आणि शाबासकी तर बापजन्मात नाही. टक झालं नाही म्हणजे बरोबर, एवढंच काय ते माझं प्रशस्तिपत्र.

मग फ्लेक्सचं मशीन आलं. मी तिकडे गेलो आणि मास्तरांची निम्मी गिऱ्हाइकं माझ्यामागे आली. खरं सांगायचं तर मीच ती नेली. “येतो मास्तर,” म्हणालो, तेव्हा ते कडेला बसून अक्षरांच्या साच्यांसाठी कागद कापत होते. मान वर न करता म्हणाले, “जा. ब्रश तेवढा धुऊन ठेव.” मला घाई होती. मी ब्रश तसाच टाकून गेलो. दोन वर्षांनी मास्तर वारले, तेव्हा अमरधाम स्मशानाच्या फाटकाच्या आत जायची माझी छाती झाली नाही. पुढे गावातल्या त्यांच्या पाट्या एकेक करून फ्लेक्सखाली गेल्या, बऱ्याचशा माझ्याच हातांनी. शेवटी त्यांचं अक्षर उरलं ते त्या गॅरेजच्या काचेवर.

अशात एक दिवस गॅरेजवाल्या मिस्त्रींनी बोलावलं. येवल्याकडचा उंचापुरा, मोजकं बोलणारा माणूस. पेटी काळवंडली होती, घड्याळ बंद पडलं होतं, पाणी शिरून आकड्यांचे पोपडे निघाले होते. मी सवयीनं म्हणालो, “फ्लेक्स करून देतो, दोन दिवसांत.”

“नाय,” मिस्त्री म्हणाले. “मास्तरांचा हात हाय तो. त्यांच्या अक्षराला धक्का लागला नाय पाहिजे. घड्याळ तेवढं नीट कर. तू त्यांचाच ना?”

त्या शेवटच्या प्रश्नानं मला मेल्याहून मेल्यासारखं झालं. तरी मान हलवली.

घड्याळाचं यंत्र घड्याळजीनं चालू करून दिलं. काच मी गॅरेजातच लाकडी घोडीवर उभी केली. पुढची काजळी पुसली, तर खाली मास्तरांचा लाल रंग कालच लावल्यासारखा. मग मागे बसून आकडे लिहायला घेतले. मिस्त्री सुटा भाग आणायला गेले होते. शेजारी ठेवलेल्या पेटीतली ट्यूब धड पेटत नव्हती आणि धड विझतही नव्हती. बारा लिहिला, एक लिहिला, आणि टक. डोकावून पाहिलं. पुढे कोणी नव्हतं. स्टार्टर असेल, मी स्वतःला म्हणालो. तीनच्या आकड्यावर पुन्हा टक. मी उठलो, ट्यूबचं बटण बंद केलं, आणि सगळे आकडे एका बैठकीत पुरे केले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी वर चढवली, दिवा लावला. मिस्त्री रस्त्यावर जाऊन उभे राहिले आणि तिथूनच ओरडले, “पेंटर, काटे पुढं चाललेत आन् टाइम मागं चाललाय!”

धावत खाली गेलो. तीनच्या जागी नऊ, नऊच्या जागी तीन. आकडे उलटे काढायचे हे हाताला आठवलं होतं. मागून लिहिताना फेराही उलटा धरावा लागतो, हे तो विसरला होता. मास्तरांच्या दोन शब्दांमध्ये माझं घड्याळ मागे चाललं होतं. क्षणभर वाटलं, असंच राहू द्यावं. मागे जाता जाता कधीतरी ते त्या न धुतलेल्या ब्रशाच्या दिवसापर्यंत पोचेल.

थिनर वापरला असता तर ओघळ मास्तरांच्या अक्षरांत गेला असता. म्हणून काच पुन्हा खाली उतरवून दोन दुपारी ब्लेडनं आकडे खरवडले. मग पुन्हा लिहायला बसलो. या वेळी प्रत्येक आकड्यानंतर उठून पुढे गेलो, मास्तर उभे राहायचे तिथं उभा राहिलो आणि पाहून परत मागे आलो. पेटीतली ट्यूब मुद्दाम चालू ठेवली होती. ती शांत जळत होती. मिस्त्रींनी नवा स्टार्टर बसवला होता. शेवटचा आकडा झाला. हात थांबवून कान दिला. काहीच नाही. मग ब्रश धुतला, टर्पेंटाइन स्वच्छ येईपर्यंत धुतला.

पुढे रस्ता रुंद झाला, गॅरेज गेलं, आणि मिस्त्रींनी ती काच मला आणून दिली. आता ती माझ्या खिडकीशी उभी असते, काट्यांशिवाय. आज या वासानं मी तिच्यामागे जाऊन बसलो. टक झालं नाही म्हणजे बरोबर, हा आमचा नियम. पण पुढे कोणी उभंच नसलं तरी टक होत नाही. त्या दिवशीची शांतता यांतली कुठली होती, ते मला अजून कळलेलं नाही.