कृपया आभार मानू नयेत

मास्तरांनी उभ्या आयुष्यात शाळेच्या फळ्यावर एक अक्षर लिहिलेलं नाही. ते शिलाई मशीन दुरुस्त करतात. पण बिघडलेलं मशीन घेऊन आलेल्या माणसाला आधी पाच मिनिटं चार गोष्टी सुनावल्याशिवाय त्यांचा हात स्क्रूड्रायव्हरकडे जात नाही, म्हणून गल्लीने त्यांना मास्तर ही पदवी दिली, आणि त्यांनी ती बिनतक्रार घेतली. ओघानेच त्यांच्या बायकोची मास्तरीणबाई झाली. दुकान दोन खोल्यांचं. पुढच्या खोलीत मास्तरीणबाई पॅन्ट आखूड करतात, चेन बदलतात, आणि ज्यांना आपण जाड झालो हे कबूल नाही त्यांचे कपडे काही न बोलता सैल करून देतात. मागच्या खोलीत मास्तर, पोट उघडं टाकलेली पाच-सहा मशिनं, आणि टेबलाच्या कोपऱ्यात एक जुना, बोजड कॉम्प्युटर.

त्या कॉम्प्युटरमध्ये मास्तरांचं राज्य होतं. वीस वर्षांपूर्वी त्यांनी इंटरनेटवर 'शिलाई मशीन चर्चामंडळ' सुरू केलं. कोणीही सभासद व्हावं, अडचण लिहावी, आणि जाणत्यांनी उत्तर द्यावं. एकेकाळी मंडळात दोन हजार तीनशे सभासद होते. पडदे शिवणारे, पिशव्या शिवणारे, तंबू शिवणारे, एक बाई तर हॉस्पिटलच्या चादरींचं खातं सांभाळायच्या. तेलाचे दोन थेंब घालावेत की तीन, यावर तिथे साडेचार महिने वाद चालला होता आणि त्यात दोघांचं बोलणं कायमचं बंद झालं होतं.

मास्तरांचे वस्ताद, ज्यांनी त्यांना हे काम शिकवलं, तेही म्हातारपणी मंडळात आले. एका बोटाने टाइप करायचे. एक उत्तर लिहायला त्यांना दुपार पुरायची नाही, पण गेले तोवर त्यांनी तीनशे बारा उत्तरं लिहून ठेवली. आकडा मास्तरांना पाठ होता. वस्तादांची आठवण आली की मास्तर त्यातलं एखादं काढून वाचायचे, आणि ती आठवण त्यांना आठवड्यातून तीनदा तरी यायची.

राज्य म्हटलं की कायदे आले. मंडळाचे नऊ नियम होते आणि नऊच्या नऊ मास्तरांनी एकट्याने, एका बैठकीत केले होते. चौथा नियम असा: 'कृपया आभार मानू नयेत. इथे फक्त प्रश्न किंवा उत्तर लिहावे.' कारण एकाने उत्तर दिलं की चाळीस जण 'धन्यवाद' लिहायचे आणि उत्तर त्या ढिगाखाली गाडलं जायचं. मास्तर रोज सकाळी झाडलोट करावी तशी धन्यवादं झाडायचे. शुभेच्छा, नमस्कार, हसरे चेहरे, काही म्हणून ठेवायचे नाहीत. नववा नियम होता, 'व्यक्तिगत शेरेबाजी केल्यास आजन्म हकालपट्टी.'

पुढे मोबाइल आले आणि लोक मोबाइलवरच्या गटांमध्ये गेले. तिथे तोच प्रश्न दर मंगळवारी कोणीतरी नव्याने विचारतं, त्यावर सतरा जण फुलांची चित्रं पाठवतात आणि उत्तर कोणालाच सापडत नाही. मास्तर एकदा अशा एका गटात गेले होते. त्यांनी तिथे नऊ नियम लिहून पाठवले. त्यावर कोणीतरी हात जोडलेलं चित्र पाठवलं आणि दुसऱ्याने त्यांना वाढदिवसाच्या शुभेच्छा दिल्या. मास्तर त्याच दिवशी बाहेर पडले. इकडे मंडळात मात्र महिन्याला दोन नोंदी होईनात. तरी मास्तर सकाळी न चुकता कॉम्प्युटर उघडायचे आणि रिकाम्या अंगणावर झाडू फिरवायचे.

अशात मंडळ ज्या कंपनीच्या जागेवर चालत होतं, त्या कंपनीचं पत्र आलं. ओस पडलेली मंडळं बंद करून त्यांचा मजकूर पुसण्यात येणार होता. मंडळ वाचवायचं असेल तर या महिन्याच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी सहापर्यंत किमान पाच वेगवेगळ्या सभासदांची एकेक तरी नोंद हवी. सभासद वर्षभरापेक्षा जुना हवा, आणि काढून टाकलेली नोंद धरली जाणार नाही.

मास्तरांच्या लेकीने फोनवर सगळं ऐकून घेतलं. "बाबा, मी सगळं उतरवून घेते ना. एका फाइलमध्ये बसेल."

"विहिरीतलं पाणी हंड्यात भरलं म्हणून विहीर घरी येते का?" मास्तर म्हणाले.

"मग निदान पाणी तरी राहील."

"उद्या कोणी प्रश्न विचारला तर तुझी फाइल उत्तर देणार आहे?"

लेक बापाला ओळखून होती. तिने मुकाट्याने फाइल करून ठेवली आणि विषय वाढवला नाही.

मास्तर कामाला लागले. पहिली नोंद त्यांनी स्वतः केली. चादरींच्या बाई निवृत्त झाल्या होत्या, तरी त्यांनी फोनवर विनवणी ऐकून एक प्रश्न लिहिला. तंबूवाले मूळचे भिडस्त. त्यांनी चामड्याच्या सुईबद्दल विचारलं, जे त्यांना तीस वर्षांपासून माहीत होतं. चौथं कोण, हा प्रश्न पडला तेव्हा मास्तरांना आठवलं की मंडळाच्या पहिल्याच दिवशी, संख्या वाढावी म्हणून त्यांनी बायकोला सभासद करून घेतलं होतं. वीस वर्षांत तिने एक शब्द लिहिला नव्हता.

"अगं, काहीतरी विचार. पण प्रश्न खरा हवा हां," मास्तर म्हणाले.

मास्तरीणबाईंनी चष्मा लावला आणि सावकाश लिहिलं: 'आमच्या दुकानातल्या पुढच्या मशीनचा पट्टा तीन महिन्यांपासून घसरतो आहे. घरातच मेकॅनिक आहे. काय करावे?'

प्रश्न नियमात बसत होता. मास्तरांना तो काढता येईना. संध्याकाळी त्यांनी पट्टा बदलला.

चार झाल्या. पाचवी काही होईना. मास्तरांनी जुन्या वहीतले एकूणएक नंबर फिरवले. काही बंद होते, काही दुसऱ्यांचे झाले होते. दोघांनी "करतो, करतो" म्हटलं, म्हणजे करणार नव्हते. बघता बघता महिन्याचा शेवटचा दिवस उजाडला. मास्तर सकाळपासून कॉम्प्युटरसमोर ठाण मांडून बसले. समोर एक मशीन उघडं पडलं होतं, त्याला त्यांनी हातही लावला नाही.

दुपारी सव्वादोनला टिंग वाजलं.

नोंद पडदेवाल्याची होती. हा गडी नऊ वर्षं मंडळाकडे फिरकला नव्हता. त्याने लिहिलं होतं: 'मास्तर, धन्यवाद. तुम्ही तेव्हा दिलेल्या उत्तरावर माझं'

याच्या पुढे काय होतं ते मास्तरांना कधीच कळलं नाही. 'धन्यवाद' हा शब्द डोळ्यांना दिसला आणि वीस वर्षांच्या सवयीने बोट आपलं आपण गेलं. नोंद पुसली गेली. आपण काय केलं हे डोक्यात शिरायला मास्तरांना दोन-तीन सेकंद लागले.

"अगं," त्यांनी हाक मारली. आवाज असा निघाला की मास्तरीणबाई कात्री हातात घेऊनच आत आल्या.

त्यांनी सगळं ऐकलं. "परत आणता येत नाही?"

"पुसलेलं परत येत नाही. मीच तसं ठेवलंय."

"मग त्याला सांगा ना, पुन्हा लिही म्हणून."

"ज्याची नोंद काढली त्याला चोवीस तास लिहिता येत नाही." मास्तर खाली मान घालून म्हणाले. "डोकं थंड व्हावं म्हणून. सहावा नियम. कॉम्प्युटरच तो लागू करतो. आता बदलला तरी उद्यापासून."

मास्तरीणबाईंना हसू येत होतं, पण नवऱ्याचा चेहरा पाहून त्यांनी ते दाबलं. स्वतःच्या हाताने पायावर धोंडा मारून घेणारी माणसं त्यांनी पाहिली होती. पण धोंड्याला नियम क्रमांक देणारा हा एकटाच. त्यांनी स्टूल ओढलं आणि शेजारी बसल्या. पडद्यावर एका बाजूला 'आज येऊन गेलेले' अशी यादी होती. ती फक्त मास्तरांनाच दिसायची. यादीत पडदेवाल्याखेरीज एकच नाव होतं: 'उलटा टाका'. वेळ सकाळी दहा वाजून दहा मिनिटं.

"हा तोच ना? ज्याला तुम्ही हाकललंत?"

"तोच."

उलटा टाका हे त्या माणसाने स्वतःच घेतलेलं नाव. खरं नाव मंडळात कोणालाच ठाऊक नव्हतं. मास्तर पूर्व म्हणाले की तो पश्चिम म्हणायचा, आणि वैताग असा की दहातल्या चार वेळा त्याचंच बरोबर निघायचं. अकरा वर्षांपूर्वी मास्तरांनी एका नवख्याला झापलं, तेव्हा उलट्या टाक्याने लिहिलं होतं, 'मास्तरांना मशीन कळतं, माणूस कळत नाही.' नियम नववा. आजन्म. त्याला मंडळ वाचता यायचं, लिहिता यायचं नाही.

"आज आला होता म्हणजे अधूनमधून येतो वाटतं."

मास्तर म्हणाले, "रोज येतो. दहा-दहाला."

"अकरा वर्षं?"

"रविवारीसुद्धा."

"आणि तुम्ही अकरा वर्षं ते नुसतं बघताय?"

मास्तरांनी टेबलावरचा स्क्रू उचलला आणि दुसरीकडे ठेवला. खरं सांगायचं तर सकाळी कॉम्प्युटर उघडल्यावर ते दहा-दहा होण्याची वाट पाहायचे, आणि ते नाव दिसलं की मगच कामाला लागायचे. हे त्यांनी कोणाला सांगितलं नव्हतं, स्वतःलाही नाही.

"काढा ती बंदी," मास्तरीणबाई म्हणाल्या.

तीन वाजता मास्तरांनी बंदी उठवली. उलट्या टाक्याला पत्र पाठवून 'या' म्हणणं मात्र त्यांच्याने होईना. तीनदा लिहिलं, तीनदा खोडलं. साडेतीन झाले, चार झाले. दार उघडलंय हे त्या माणसाला कळणार कसं? मंडळात नवी नोंद झाली की तिचं पहिलं वाक्य सगळ्या सभासदांना मेलने जायचं, तेवढा एकच रस्ता होता. पण कसली नोंद केली म्हणजे तो चवताळून उठेल?

पावणेपाचला मास्तरांना उत्तर सुचलं आणि त्यांना घाम फुटला.

मशीनचं काम करणाऱ्या कोणालाही विचारा. कापडाच्या खालच्या बाजूला दोऱ्याचा गुंता व्हायला लागला, तर दोष वरच्या दोऱ्याच्या ताणात असतो. अडाणी माणूस खाली गुंता दिसतो म्हणून खालच्या दोऱ्याच्या डबीचा, म्हणजे बॉबिनकेसचा, स्क्रू आवळतो आणि चांगल्या मशीनची वाट लावतो. वस्तादांनी पहिल्या दिवशी हेच शिकवलं होतं, आणि हेच समजावण्यात मास्तरांची हयात गेली होती. त्यांनी लिहिलं: 'खालच्या बाजूला गुंता होत असल्यास बॉबिनकेसचा स्क्रू घट्ट आवळावा. वरच्या ताणाशी याचा काही संबंध नाही.' खाली स्वतःचं नाव घातलं. बटण दाबताना त्यांनी डोळे मिटले. आयुष्यभर नाकावर माशी बसू न देणारा माणूस चारचौघांत धडधडीत चुकीचं बोलत होता.

"वस्ताद असते तर पेटवलं असतं मला," ते म्हणाले.

"असते तर पाचवी नोंद त्यांचीच झाली असती," मास्तरीणबाई म्हणाल्या आणि पुढच्या खोलीत गिऱ्हाइकाकडे गेल्या.

सव्वापाच झाले. पडदा स्वस्थ होता. साडेपाचला मास्तर उठून उभे राहिले, पुन्हा बसले. त्यांनी वस्तादांचं एक उत्तर उघडलं, शेवटचं म्हणून वाचायला घेतलं, पण अक्षरं लागेनात.

पाच एक्केचाळीसला टिंग वाजलं.

मास्तरीणबाई गिऱ्हाइकाला अर्ध्या मापात सोडून आत धावल्या. नोंद लांबलचक होती. सात मुद्दे, प्रत्येकाला आकडा, वस्तादांच्या दोन उत्तरांचे दाखले तारखेसकट. चूक कणभर शिल्लक ठेवली नव्हती. पण पहिल्या मुद्द्याच्या वर एकच ओळ होती: 'मास्तर, तब्येत बरी आहे ना?'

मास्तर त्या ओळीकडे पाहत राहिले. ती ना मशीनच्या प्रश्नात बसत होती ना उत्तरात, शिवाय व्यक्तिगतही होती. चौथाही नियम मोडला होता आणि नववाही. त्यांचं बोट सवयीने निघालं. मास्तरीणबाईंनी मनगट धरलं ते भिंतीवरच्या घड्याळात सहा वाजून पाच मिनिटं होईपर्यंत सोडलं नाही.

मंडळ वाचलं. मास्तरांनी आधी स्वतःची चूक दुरुस्त केली, सातही मुद्दे मान्य असल्याचं लिहिलं. डोळे भरून आले होते, ते त्यांनी तेलकट फडक्याने पुसले आणि वर ते तेल डोळ्यांत गेलं म्हणून आणखी पुसले. शेवटी त्यांनी खाली लिहिलं: 'तब्येत बरी आहे. धन्यवाद.'

दुसऱ्या दिवशी मास्तर कॉम्प्युटर उघडून बसले होते. दहा वाजून दहा मिनिटांनी व्यवस्थापकाच्या नावे एक तक्रार आली.

'कालच्या एका नोंदीत आभार मानलेले आढळले. नियम चौथा. कृपया नोंद काढून टाकावी. — उलटा टाका.'

मास्तरांनी तक्रार तीनदा वाचली. मग पुढच्या खोलीत ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाले, "अगं, तो म्हणतोय मी नियम मोडला."

"मग काय करताय?"

"काही नाही," मास्तर म्हणाले. "राहू दे म्हणावं. भांडू दे त्याला."