येळवशीला भुयारात कोण होतं

नवरा गेला त्या वर्षी मी देव्हाऱ्यातले देव फडक्यात बांधून ट्रंकेत ठेवून दिले. रागानंच म्हणा. त्याच्या आजारपणात इतके उपवास केले, इतके नवस बोलले, आणि कुणी म्हणून ऐकलं नाही. तेव्हापासून कुणी देवाचं नाव काढलं की माझं डोकंच फिरायचं. बीदरजवळच्या आमच्या गावात मी शाळेत शिकवायची. धाकटा भाऊ ओव्हरसिअर होता आणि माझ्यापाशीच राहायचा. माझं म्हणावं असं तोच एक उरला होता.

दुष्काळानंतरची ती वर्षं. परदेशातून दोन इंजिनिअर आमच्याकडं आले, पगार न घेता गावोगावी पाण्याची कामं करणारे. एक उंच साहेब आणि एक तरुण बाई. गावानं तिचं नाव गोरी अक्का ठेवलं. गावाबाहेर जांभ्या दगडात खोदलेलं बादशाही काळातलं भुयार आहे, डोंगराच्या पोटातलं पाणी गावापर्यंत आणणारं. वरून जागोजागी विहिरीसारखी तोंडं ठेवलेली. ते कुठंतरी ढासळून बुजलं होतं. ते मोकळं करायचं आणि पाणी नळानं गावात खेळवायचं, असा त्यांचा बेत होता. माझ्या वर्गातल्या अर्ध्या मुली घागरी घेऊन रानोमाळ फिरायच्या, म्हणून मीही दुभाषी होऊन त्यांच्या कामाला लागले. भाऊ तर सुट्टीच्या दिवशी तिथंच पडीक असायचा.

बायका म्हणायच्या, भुयारात साती आसरा राहतात, पाण्यातल्या देवी, आधी त्यांची ओटी भरा. मी हसण्यावारी नेलं. आत उतरायला दिवस ठरला येळवशीचा. मार्गशीर्षातल्या त्या अमावस्येला आमच्याकडं झाडून सगळा गाव शेतात जातो, कडब्याच्या खोपीत पूजा करतो, आंबील-भज्जी खातो आणि दिवस मावळल्यावरच परततो. भुयारापाशी एरवी बघ्यांची जत्रा भरायची. भाऊ मला म्हणाला, "अक्का, त्या दिवशी चिटपाखरू न्हाई बघ. निवांत काम हुतंय." आम्हा सगळ्यांना ते पटलं. गाव रिकामा असला की मदतीलाही कुणी नसतं, हे एकाच्याही डोक्यात आलं नाही.

साहेब जीप घेऊन पाइपांसाठी बीदरला गेले होते. भुयाराच्या एका तोंडावर दोराची गडगडी बसवलेली. कमरेला दोर बांधून भाऊ हातात बॅटरी घेऊन उतरला. वर मी आणि गोरी अक्का. भर दुपार, आणि त्या तोंडातून माणसाच्या उच्छ्वासासारखी ओलसर हवा अंगावर येत होती. थोड्या वेळानं खालून आवाज आला, "अक्का, हितं वाट लई बारीक हाय, दोर अडकायलाय. सोडून फुडं जातो."

"नको रे!" मी ओरडले.

"कामून भ्यायलीस? ह्यो आलोच."

तो आला नाही. दोर ओढला तर रिकामाच वर आला. हाका मारून माझा घसा बसला. खालून माझीच हाक परत यायची, पण फार उशिरा, आणि माझ्यापेक्षा शांत आवाजात. गोरी अक्कानं सुतळीला कंदील बांधून खाली सोडला. तळाशी जाण्याआधीच तो विझला. हवा वाईट होती. मी उतरायला निघाले तर तिनं मला घट्ट धरलं. "तू पण मरशील," एवढंच म्हणाली.

मी गावात पळाले. दारोदारी ताजी रांगोळी आणि कड्यांना कुलपं. एका अंगणात चूल अजून धुमसत होती. दुरून शेतांमधून पूजेचा गजर वाऱ्यावर येत होता, पण माझी हाक तिकडं कशी पोचणार? मी परत आले. गोरी अक्का पांढरीफटक पडली होती. तिच्याकडचे सगळे उपाय संपले होते, माझ्याकडचेही. मी त्या तोंडाशी गुडघ्यावर बसले आणि इतक्या वर्षांत पहिल्यांदा म्हणाले, "आई, माझ्याच्यानं होत नाही. तुझं तू बघ." आणि रिकामा दोर पुन्हा खाली सोडला.

मग खालून बांगड्या वाजल्या. पाणवठ्यावर बायका हळू आवाजात बोलत असतात, तशी कुजबुज आली. शब्द एकही कळला नाही. गोरी अक्कानं माझा हात धरला. तिचा हात बर्फासारखा गार होता, म्हणजे तिनंही ते ऐकलं होतं. दोर ताठ झाला. आम्ही दोघी जीव खाऊन ओढत राहिलो.

भाऊ वर आला तो बेशुद्ध, पण श्वास चालू होता. दोर काखेखालून घेऊन छातीशी बांधलेला. गाठ पाहून गोरी अक्का थबकली. तिला दोराच्या सगळ्या गाठी यायच्या, ही येत नव्हती. मला येत होती. घागरीच्या गळ्याला बायका टाकतात तो फास होता तो. माझ्या भावानं जन्मात कधी विहिरीवरून घागर आणली नव्हती.

साहेब जीप घेऊन परतल्यावर त्याला दवाखान्यात नेलं. दुसऱ्या दिवशी त्यानं डोळे उघडले आणि माझ्यावरच रागावला. "अक्का, तू कशाला खाली उतरलीस गं? तुला काई झालं असतं म्हंजे?"

"मी उतरले नाही रे."

"मग मला बसवलं कुणी? म्हणली, ऊठ बाळा, अक्का वर वाट बघायलीय." मग त्याची नजर माझ्या उघड्या, बिनबांगड्यांच्या मनगटांवर गेली. दोराची आणि बांगड्यांची गोष्ट गोरी अक्कानं मोडक्यातोडक्या मराठीत गावात सांगितली.

पुढं साहेबांनी भात्यानं आत हवा भरली, माणसं लावून भुयार मोकळं केलं. पाणी गावात आलं त्या दिवशी बायका खण-नारळ घेऊन भुयाराच्या तोंडाशी जमल्या. मी मागं उभी राहिले. विधवेनं ओटीला हात लावायचा नसतो. गल्लीतल्या सगळ्यांत म्हाताऱ्या काकूंनी मला ओढून पुढं आणलं आणि नारळ हातात दिला.

"काकू, मला चालत नाही," मी म्हणाले.

"तिनं तुझा दोर धरला की गं. तुला न्हाई म्हणंल व्हय?"

मला रडू आवरेना. त्या रडण्यातच मी ओटी भरली.

खाली कोण होतं हे मी कुणाशी वाद घालून सांगत नाही. मला एवढंच कळलं की माझ्या हातचं संपलं तिथून पुढं कुणीतरी आहे, आणि त्यानं मला टाकलेलं नव्हतं. देव्हारा मी पुन्हा मांडला, पण नवस बोलत नाही. सकाळी नळाखाली घागर लावते आणि मनात म्हणते, आई, वर मी आहे, खालचं तू बघ.