पिस्तुलातली रबरी चकती

चाळिशी उलटल्यावर मी नेमबाजी शिकायला लागले. क्लबचं पिस्तूल जुनं होतं. गोळी सुटली की त्याची स्लाइड, म्हणजे वरचा सरकता भाग, मागे येऊन दणकन आदळायची आणि संध्याकाळपर्यंत माझं मनगट ठणकायचं. नवरा सातपूरला रबराचे सुटे भाग बनवणाऱ्या कारखान्यात आहे. माझं मनगट शेकताना त्याने सगळं विचारून घेतलं आणि आठवड्याभरात एक छोटी चकती कापून आणली. "स्लाइड आदळते तिथे बसव. ही चकती दणका खाईल."

आमचे सर लष्करातून निवृत्त झालेले, शस्त्रदुरुस्तीत मुरलेले. त्यांनी चकती निरखली. "सुरेख कापलीय. बसवून बघू."

पहिल्या दिवशी पिस्तूल मऊ वाटलं. दुसऱ्या दिवशी मात्र दहा गोळ्यांत तीनदा अडकलं. सरांनी ते उघडून दाखवलं. चकतीमुळे स्लाइड पूर्ण मागे जात नव्हती, म्हणून पुढची गोळी वर येत नव्हती.

"मॅडम, चकती वाईट नाही, पण या पिस्तुलात तेवढी जागाच नाही. स्प्रिंग थकलीय, ती बदलतो. आणि तुमची पकड सैल आहे."

घरी सांगताना मला अवघड झालं. नवरा म्हणाला, "मग काढून टाक ना. मनगट कसंय?"

पुढे महिनाभर सरांनी रोज माझ्या शेजारी उभं राहून पकड सुधारून घेतली. आता मनगट दुखत नाही. माझ्यासारख्या नवशिकीसाठी दोघांनी किती जीव लावला, या विचाराने अजूनही भरून येतं.