मागच्या बाकांवरचे सात शिक्षक

गोत्रीतल्या आमच्या गुजराती शाळेत मी सहावीला गणित शिकवत होते. एकदा मीटिंगमध्ये माझ्या तोंडून निघून गेलं, "आपण एकमेकांच्या वर्गात जाऊन का बसत नाही?"  तपासणी सोडली तर दुसऱ्याच्या वर्गात कोणी पाऊल टाकत नसे. आचार्य, म्हणजे आमचे मुख्याध्यापक, म्हणाले, "सरस! मग ही जबाबदारी तुमचीच, बेन."

"तर आधी माझ्या वर्गात या," मी म्हटलं.

शुक्रवारी सात शिक्षक मागच्या बाकांवर गुडघे दुमडून बसले. मुलांच्या अंगात नुसतं वारं शिरलं होतं. अपूर्णांक दाखवायला मी पातळ, कुरकुरीत खाकरे नेले होते. पहिल्याचे चार सारखे भाग करायला गेले, तर त्याचा चुराच झाला. दुसऱ्याचाही तोच प्रकार. वर्ग हसून लोळायला लागला. माझे कान तापले, पुढचं काही आठवेना.

तेवढ्यात मागून एक हात वर झाला. विज्ञानाच्या बेनचा! शाळेत त्या सगळ्यांत ज्येष्ठ, आम्हीसुद्धा त्यांना वचकून असायचो. गंभीर चेहऱ्यानं म्हणाल्या, "बेन, मने नथी समजातुं. चार तर तीनपेक्षा मोठे. मग एक चतुर्थांश हा एक तृतीयांशापेक्षा लहान कसा?"

एरवी तोंडही न उघडणारी एक मुलगी ताडकन उठली. "अरे बेन, खाणारे वाढले की वाटा कमीच येणार ना!" आणि वही-पेन घेऊन थेट त्यांच्या बाकाशी गेली. तिच्यामागे अख्खा वर्ग. ज्याला त्याला बेनना शिकवायचं होतं! घंटा झाली तरी कोणी हलेना.

बाहेर आल्यावर मी विचारलं, "खरंच समजलं नव्हतं?"

"मला येतं गं," त्या हसत म्हणाल्या, "पण मुलं इतकं छान समजावतात, हे आज कळलं. पुढचा शुक्रवार माझा."

अकोट्याला घरी पोचले ती गाणं गुणगुणतच. सासूबाई म्हणाल्या, "काय गं, आज पाय जमिनीवर नाहीत!" खरंच नव्हते.

मग शुक्रवारसाठी नंबर लागायला लागले. दिवाळीच्या सुट्टीआधी तर कित्येक वर्षं वर्गावर न गेलेल्या आचार्यांनीही एक तास मागून घेतला. वर्गाच्या दारात मला हळूच म्हणाले, "बेन, तुम्ही पहिल्या बाकावर बसा हं. मला जरा धीर येईल."